तारेवरून दिसलेलं दुब्रोव्हनिक आणि फॉर्मवरचा एक प्रश्न

(एपिसोडचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर खिडकीची सीट मिळो, आणि भांडी घासत ऐकत असाल तर पाणी जपून वापरा.

आजचा विषय झिपलाइन. म्हणजे दोन उंच जागांमध्ये पोलादी तार बांधायची, त्यावर चाकं असलेली कप्पी चढवायची, कप्पीला माणूस लटकवायचा आणि सोडून द्यायचा. मोटर नाही, इंजिन नाही. आमच्या मागच्या प्रवासात मी ही राइड घेतली क्रोएशियात, दुब्रोव्हनिक शहराच्या मागच्या डोंगरावर. सोबत आई होती. तिला त्या दिवशी तारेवर जाता आलं नाही. ते का, तेही आज सांगणार आहे, कारण मला वाटतं या एपिसोडमधला सगळ्यात कामाचा भाग तोच आहे.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, कॉम्प्युटरमध्ये बी.टेक., गेली दोन वर्षं कामासाठी म्युनिकला. आई मूळची मालवणची. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केली, त्यातली बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये. गेल्या वर्षी रिटायर झाली आणि मे महिन्यात माझ्याकडे आली. व्हिसा शेंगेनचा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. म्हणजे वेगळा व्हिसा नको, वेगळं चलन नको. म्हटलं चला.

आधी शहर समजून घ्या

दुब्रोव्हनिक म्हणजे एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचं तटबंदीचं शहर. तटाची लांबी १,९४० मीटर, काही ठिकाणी उंची २५ मीटरपर्यंत. 'गेम ऑफ थ्रोन्स' बघितली असेल तर किंग्ज लँडिंग म्हणून हेच दाखवलंय. पण सिरियल बाजूला ठेवा, खरी गोष्ट जास्त भारी आहे.

या शहराचं जुनं नाव रागुसा. १३५८ पासून १८०८ पर्यंत हे स्वतःचं स्वतंत्र गणराज्य चालवत होतं. नेपोलियनच्या सैन्याने ते संपवलं. आकार म्हणाल तर आपल्या एखाद्या तालुक्याएवढा. सैन्य नावापुरतं. एका बाजूला व्हेनिस, दुसऱ्या बाजूला ऑटोमन साम्राज्य. यांनी काय केलं, तर सुलतानाला खंडणी द्यायची, सगळ्यांशी व्यापार करायचा आणि जहाजं उत्तम बांधायची. त्यांचं ब्रीद एकच शब्द होता: लिबेर्तास. स्वातंत्र्य. १४१६ मध्ये त्यांनी गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. साल बघा आणि मग विचार करा.

६ एप्रिल १६६७ ला मोठा भूकंप झाला आणि शहराचा बराचसा भाग कोसळला. आज जो मुख्य रस्ता दिसतो, स्त्रादून, त्याच्या दोन्ही बाजूंची एकसारखी घरं त्या भूकंपानंतर बांधलेली आहेत. आईला हे साल ऐकल्यावर लगेच आठवलं की आपला सिंधुदुर्ग किल्ला १६६४ ला सुरू झाला आणि १६६७ ला पूर्ण झाला. मालवणची माणसं कुठेही जाऊ दे, तट दिसला की सिंधुदुर्गाशी तुलना होणारच. तिचा निकाल असा: "हा मोठा आहे, पण आमचा पाण्यात आहे."

शहराच्या पाठीला टेकून उभा आहे स्र्द डोंगर, उंची ४१२ मीटर. वर जायला केबल कार आहे, चार मिनिटांच्या आत पोचवते. ती १९६९ मध्ये सुरू झाली, युद्धात नष्ट झाली, आणि २०१० मध्ये पुन्हा चालू झाली. पायी जायचं असेल तर नागमोडी पायवाट आहे, पण मे महिन्यातसुद्धा सावली जवळपास नाही. पाणी घेऊन जा.

एक गैरसमज आत्ताच दूर करते. फोटो बघून लोकांना वाटतं की तार जुन्या शहराच्या कौलांवरून जाते. तसं नाही. तार डोंगराच्या उतारावर आहे, खाली झुडपं आणि खडक. शहर समोर, खालच्या अंगाला दिसतं, आणि त्याच्या पलीकडे समुद्र आणि लोक्रूम बेट. खरं सांगू का, हेच बरं आहे. जुन्या घरांवरून दर पाच मिनिटाला कोणीतरी किंचाळत जाणार असेल, तर खाली राहणाऱ्यांनी काय करायचं?

फॉर्म

तर आता तो प्रसंग. आम्ही ऑनलाइन दोघींचं बुकिंग केलं होतं. आईचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त. शेजारच्या काकूंना तिने महिनाभर आधीपासून सांगून ठेवलेलं, "मी तारेवरून उडणार आहे." व्हिडिओ कुठल्या ग्रुपवर टाकायचा तेही ठरलेलं.

तिथे गेल्यावर आधी वजन केलं. मग एक फॉर्म. वय, वजन, हृदयविकार आहे का, गरोदर आहात का, फिट येतात का, मान-पाठ-खांदा यांची दुखापत किंवा ऑपरेशन झालंय का. हो किंवा नाही, टिक करा, खाली सही.

आईच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. चार वर्षं झाली. आता ती चालते, जिने चढते, तिला काहीही त्रास नाही. पेन हातात घेऊन ती त्या प्रश्नाशी थांबली. आमच्या मागे भारतीय पोरांचा एक ग्रुप होता. त्यातला एकजण मराठी निघाला. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "काकू, नाहीवर टिक करा की. कोण बघतंय? सगळे तेच करतात."

आई हसली. तिने "हो" वर टिक केली आणि पुढे वर्षसुद्धा लिहिलं.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म वाचला, आत जाऊन तिच्या सीनिअरला घेऊन आली. त्याने आईला शांतपणे चार प्रश्न विचारले. कुठला मणका, स्क्रू बसवलेत का, किती वर्षं झाली. मी मधे भाषांतर करत होते. मग तो म्हणाला, सॉरी. ही राइड पालथं झोपून असते, ब्रेक लागताना सगळा झटका पाठीवर येतो, मी तुम्हाला सोडू शकत नाही.

मी विचारलं, हळू सोडता येईल का, बसून जाता येईल का. तो म्हणाला, नाही. वेग आम्ही ठरवत नाही, उतार ठरवतो.

आईचा चेहरा मी बघितला. तिला वाईट वाटलं होतं, ते लपत नव्हतं. पण त्या मराठी मुलाकडे वळून ती जे बोलली ते मला तसंच्या तसं आठवतंय. म्हणाली, "बाळा, आमच्याकडे ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर विचारतात, सकाळपासून काही खाल्लंय का. पेशंट म्हणतो, नाही. कारण खाल्लंय म्हटलं तर ऑपरेशन पुढे जाणार, पुन्हा सुट्टी काढायची, पुन्हा गाडी करायची. मग भूल दिल्यावर उलटी होते आणि ती फुफ्फुसात जाते. मी बघितलंय ते. डॉक्टर हुशार असतो रे, पण त्याला जे सांगितलंय त्याच्यावरच तो चालतो."

तो मुलगा गप्प झाला. मला माहीत नाही त्याने स्वतःच्या फॉर्मवर काय लिहिलं.

मग आई मला म्हणाली, "तू जा. मी इथून बघते. आणि घाबरलीस तर मोठ्याने ओरड, इथे कोणाला मराठी कळत नाही."

तार कशी काम करते

आता जरा इंजिनिअरिंग. घाबरू नका, गणित कपडे वाळत घालायच्या दोरीएवढंच आहे.

घरची दोरी आठवा. मधोमध ओली चादर टाकली की दोरीला झोल पडतो. तुम्ही म्हणाल, दोरी अजून ताणून बांधू, झोल पडणारच नाही. करून बघा, खिळा उपटून हातात येईल. कारण झोल जितका कमी, तितका दोरीवरचा ताण जास्त. पूर्ण सरळ, अजिबात झोल नसलेल्या दोरीवर वजन टांगायचं तर ताण अनंत लागेल, म्हणजे ते शक्यच नाही.

आकड्यात सांगते. समजा ५०० मीटरची तार आहे आणि तिच्या मध्यभागी साहित्यासकट १०० किलोचा माणूस आहे. मध्यभागी झोल २५ मीटर असेल, तर फक्त त्या माणसामुळे तारेवर सुमारे ५०० किलोचा ताण येतो, वजनाच्या पाचपट. तोच झोल ५ मीटरवर आणला तर ताण अडीच टन. तारेचं स्वतःचं वजन आणि वाऱ्याचा जोर वेगळा. म्हणून झिपलाइनला झोल दिसला तर "ढिली आहे वाटतं" असं म्हणू नका. तो झोल मुद्दाम, मोजून ठेवलेला असतो. पोलाद थंडीत आकसतं, उन्हात लांबतं, त्यामुळे तो वेळोवेळी तपासावाही लागतो.

या झोलाचा दुसरा फायदा म्हणजे वेग. सुरुवातीला तार जास्त उताराची असते, पुढे उतार कमी होत जातो, आणि बऱ्याच लाइनवर शेवटी थोडा चढ लागतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यात तारच तुम्हाला हळू करते. ब्रेक त्यानंतर लागतो.

वेग किती? शाळेतलं सूत्र लावा. ५० मीटर खाली उतरलात आणि हवा, घर्षण काहीच नसेल तर वेग ताशी सुमारे ११३ किलोमीटर निघतो. प्रत्यक्षात हवा असते, म्हणून तो बराच कमी भरतो. त्या सूत्रात वजन येतच नाही, पण हवेमुळे खऱ्या आयुष्यात येतं. ५० किलो आणि ९० किलोची माणसं हवेला जवळपास सारखीच अडतात, पण जडपणा वेगळा, त्यामुळे जड माणूस वेगात जातो. हलका माणूस समोरून वारा असेल तर मधेच थांबू शकतो. म्हणून वजनाची मर्यादा दोन्ही बाजूंनी असते, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. काउंटरवर वजन विचारलं तर लाजून दोन-चार किलो कमी सांगू नका. तो आकडा फॅशनसाठी नसतो, ब्रेकसाठी असतो.

आणि मधेच थांबलात तर? काही नाही. हात-पाय शांत ठेवायचे. गाइड तार पकडत पकडत तुमच्यापर्यंत येतो आणि ओढून नेतो. हसू येतं, धोका नसतो.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट. एड्रियाटिकच्या या किनाऱ्यावर बुरा नावाचा वारा आहे. ईशान्येकडून, डोंगरावरून समुद्राकडे कोसळतो, थंड आणि झटक्याझटक्याने येणारा. तो सुटला की झिपलाइन बंद. त्या दिवशी बुरा नव्हता, पण वारा वाढला म्हणून आम्हाला वीस मिनिटं बसवून ठेवलं. मचाणावर वारा मोजायचं यंत्र होतं, गाइड ते बघून वॉकीटॉकीवर खालच्या माणसाशी बोलत होता. रांगेतले लोक कुरकुरत होते. मला मात्र ती वीस मिनिटं बघून जास्त धीर आला. जो धंदेवाला वाऱ्यासाठी गिऱ्हाईक थांबवतो, तो तारेसाठीही थांबत असणार.

प्रत्यक्ष राइड

हार्नेस म्हणजे खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत झोळीसारखा पट्ट्यांचा सांगाडा. पालथं झोपवतात, पाठीकडून कप्पीला अडकवतात. दोन वेगळ्या दोऱ्या, दोन वेगळी कडी. एकाने बांधलं, दुसऱ्याने येऊन प्रत्येक कडी हाताने ओढून बघितली. आमच्या कामात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. ज्याने लिहिलं त्यानेच तपासायचं नाही.

मग गाइड मोजायला लागला: "त्री, द्वा, येदान." तीन, दोन, एक. मला तेवढ्यातही गंमत वाटली, की त्रि आणि द्वि तर आपलेच! भाषांचं मूळ एकच आहे, हे पुस्तकात वाचलं होतं. पोट तारेला लटकलेलं असताना पटलं.

आणि सोडलं.

पहिले दोन सेकंद पोटात गोळा. मग कप्पीचा आवाज, गिरणीच्या पट्ट्यासारखा, वाढत जाणारा. कानात वारा. खालून झुडपं पळतायत, उन्हात तापलेल्या झाडपाल्याचा वास. आणि मग मान उचलली तर समोर सगळं शहर. गोल मिंचेता बुरूज, तटाची कड, आत दाटीवाटीने कौलारू छपरं, बंदरात छोट्या बोटी, आणि निळा समुद्र. मी ओरडले. मराठीतच.

एखाद मिनिटाचा खेळ असेल. खाली स्प्रिंगचा ब्रेक लागला, अंग पुढे गेलं, मागे आलं. आणि हो, तो झटका नेमका कमरेत बसला. मला काही झालं नाही, मी सत्तावीस वर्षांची. पण त्या क्षणी मला त्या सीनिअर माणसाचा "सॉरी" नीट समजला.

छपरांचे दोन रंग

वर परत आले तर आई जागेवर नव्हती. ती डोंगरावरच्या किल्ल्यात गेली होती. फोर्ट इम्पीरियल, नेपोलियनच्या काळात फ्रेंचांनी बांधलेला. आता आत १९९०च्या दशकातल्या युद्धाचं संग्रहालय आहे.

युगोस्लाव्हिया फुटत होता तेव्हाची गोष्ट. १ ऑक्टोबर १९९१ पासून दुब्रोव्हनिकला वेढा पडला. वीज आणि पाणी तोडलं. ६ डिसेंबर १९९१ ला जुन्या शहरावर तोफांचा सगळ्यात वाईट मारा झाला. आणि हे शहर १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत होतं, ते कोणाच्या आड आलं नाही. तटाच्या आतल्या ८२४ इमारतींपैकी सुमारे दोन तृतीयांश इमारतींना तोफगोळे लागले. हा किल्ला मूठभर लोकांनी शेवटपर्यंत राखला.

आई बाहेर येऊन कठड्याशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "कौलं बघितलीस का? दोन रंगांची आहेत."

मी तारेवरून सगळं शहर बघितलं होतं, आणि मला ते एकसारखं केशरी दिसलं होतं. तिने बोट दाखवल्यावर दिसलं. काही छपरं गडद, ताजी केशरी. काही फिकट, पिवळसर, करडी पडलेली. गडद ती युद्धानंतर बदललेली. फिकट ती वाचलेली. वरून नजर टाकली तर कळतं, वाचलेली किती कमी आहेत. आईने तिचं वाक्य दवाखान्याच्या भाषेतच म्हटलं: "टाके दिसतायत."

म्हणून माझी शिफारस अशी. राइडच्या आधी ते संग्रहालय बघा, मग तारेवर जा. तुम्ही तेच शहर बघाल, पण वेगळं दिसेल.

तिथूनच तटाच्या बाहेर, पूर्वेला समुद्राकाठी एक लांबट दगडी इमारतींची रांग दिसते. ती लाझारेती. १३७७ मध्ये या शहराने कायदा केला, की प्लेगच्या भागातून आलेल्या माणसाने आणि मालाने आधी तीस दिवस बाहेर थांबायचं, मगच आत यायचं. पुढे तीसचे चाळीस झाले, आणि इटालियन भाषेतल्या चाळीसवरून क्वारंटाइन हा शब्द आला. लाझारेतीच्या इमारती नंतरच्या, १७व्या शतकातल्या. कोविडमध्ये ड्यूटी केलेल्या माझ्या आईने त्या इमारतींपुढे उभं राहून फोटो काढून घेतला. तारेवरचा व्हिडिओ जमला नाही, तर ग्रुपवर हा फोटो गेला. खाली लिहिलं: क्वारंटाइनचं माहेर.

बघा ना, व्यापारावर जगणारं शहर. एकेक जहाज म्हणजे पैसा. तरी त्यांनी ठरवलं, आधी विचारायचं की कुठून आलात, आणि उत्तर नीट नसेल तर थांबवायचं. गिऱ्हाईक नाराज होईल, होऊ दे.

आपल्याकडचा धागा

कोकण-गोव्याकडच्या श्रोत्यांसाठी एक खास गोष्ट. दुब्रोव्हनिकचा रक्षक संत म्हणजे सेंट ब्लेझ, तिथले लोक स्वेती व्लाहो म्हणतात. गळ्याच्या आजारांचा संत. ३ फेब्रुवारीला त्याचा मोठा उत्सव असतो. तटावर जागोजागी त्याची मूर्ती दिसते, हातात शहराची छोटी प्रतिकृती घेतलेली.

आणि जुन्या गोव्याजवळ, गांदावलीला याच संताचं चर्च आहे: सांव ब्राझ. १६व्या शतकात पोर्तुगिजांच्या काळात रागुसाचे दर्यावर्दी आणि व्यापारी गोव्यात येऊन राहिले, आणि ते चर्च त्यांनी उभारलं असं सांगतात. म्हणजे तारेवरून जे बंदर दिसतं, तिथल्या माणसांचा एक धागा थेट मांडवीच्या काठापर्यंत येतो. पुढच्या गोवा ट्रिपला बीचमधून एक तास काढा आणि जाऊन या.

तुम्ही जाणार असाल तर

आता कामाचं. दुब्रोव्हनिक असो, नाहीतर आपल्याकडे एखाद्या हिल स्टेशनवरची झिपलाइन, एवढं बघाच.

पहिलं, तुम्हाला अडकवल्यावर दुसऱ्या माणसाने तपासलं का? नसेल तर थेट म्हणा, "दुसरं कोणीतरी चेक करा." यात लाजायचं काही नाही.

दुसरं, जोड दोन आहेत का? मुख्य कप्पी किंवा दोरी गेली तरी दुसरी तुम्हाला धरून ठेवेल का?

तिसरं, ब्रेक कुठे आहे, आणि तो फसला तर दुसरा काय आहे? फक्त खाली उभा असलेला एक माणूस आणि एक गादी, एवढंच उत्तर मिळालं तर परत फिरा.

चौथं, वरचा आणि खालचा माणूस एकमेकांशी बोलतायत का? आधीचा माणूस तारेवरून उतरलाय, हे कळल्याशिवाय पुढचा सोडायचा नसतो.

पाचवं, ओढणी, स्कार्फ, मोकळे केस, गळ्यातली लांब माळ. कप्पीत अडकतं. केस बांधा, ओढणी सोबतच्या माणसाकडे द्या. मोबाइल हातात नको. खाली पडला तर मोबाइल गेला एवढंच नाही, खाली कोणाच्या डोक्यात गेला तर काय?

सहावं, नियम. युरोपात अशा दोरखंडांच्या पार्कसाठी ईएन १५५६७ नावाचं मानक आहे. भारतात पर्यटन मंत्रालयाची साहसी पर्यटनासाठी २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय. म्हणून "तुमची नोंदणी आहे का, आज तार कोणी तपासली" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नीट काम करणारा माणूस या प्रश्नावर चिडत नाही, रजिस्टर दाखवतो.

सातवं, फॉर्म. वजन खरं. आजार खरा. ऑपरेशन खरं. तिथल्या सगळ्या दोऱ्या, कडी, ब्रेक तुम्ही दिलेल्या माहितीवर हिशोब करून चालतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, इनपुट चुकीचं दिलं तर आउटपुट चुकीचंच येणार. स्क्रीनवर फक्त एरर येतो. इथे तुमची पाठ आहे.

आणि ज्यांच्यासोबत आई-बाबा आहेत त्यांना एक विनंती. "काही होत नाही, चला" असं आपण प्रेमाने म्हणतो. त्यापेक्षा बुकिंग करतानाच वेबसाइटवरची आरोग्याची यादी त्यांना मराठीत वाचून दाखवा. म्हणजे नकार ऐकायचाच असेल तर तो घरी, चहा पिताना ऐकता येतो. आणि तिकडे गेल्यावर त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी ठरवलेलं असू द्या, नुसतं बाकावर पर्स सांभाळत बसवू नका.

अजून एक छोटी गोष्ट, शहराच्या बाजूने. तटाच्या आत एकेकाळी काही हजार लोक राहायचे, आता खूपच कमी उरलेत. घरांची हॉटेलं झाली. गर्दी इतकी की २०१९ पासून एका वेळी दोनच क्रूझ जहाजं येऊ देतात, आणि वेशीवर कॅमेरे आत जाणारी-येणारी माणसं मोजतात. जमलं तर जुलै-ऑगस्ट टाळा. सकाळी लवकर तटावर फिरा, दुपारी डोंगरावर जा, आणि गल्लीत कोणाच्या दारात वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढताना आत माणूस राहतो हे लक्षात ठेवा.

चला, वेळ झाली. तुमच्यापैकी कोणी झिपलाइन केली असेल, महाराष्ट्रात किंवा कुठेही, तर कॉमेंटमध्ये नक्की लिहा: तिथे तुम्हाला दुसऱ्या माणसाने तपासलं होतं का? फक्त हो किंवा नाही लिहिलं तरी चालेल. पण खरं लिहा.

पुढच्या शुक्रवारी भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. आईच्या मैत्रिणी ऐकतायत, त्यांना माझा खास नमस्कार!